शून्य किलो गट

आमच्या कुस्ती समितीच्या संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली, ही अभिमानाची बाब आहे, हे मी मानद सचिव या नात्याने आधीच नमूद करतो. कळंब्याला निवड चाचणी होती. सकाळी पैलवान वजनासाठी रांगेत उभे राहिले आणि संगणकाने जाहीर केलं, की आपला वजनकाटा जुना झाला असून त्याला यापुढे सपोर्ट मिळणार नाही.

काटा ठणठणीत होता. मलकापूरचं राजवीर नावाचं पोरगं त्यावर उभं राहिलं, तर सत्तावन्न असा लालभडक आकडा उमटला. पण संगणकात काही येईना.

"आकडा दिसतोय न्हवं? मग लिवा की हातानं," त्याचे वस्ताद गणपतराव म्हणाले.

आता ह्या माणसाला काय सांगायचं? हाताने वजन भरायला आम्हीच बंदी घातली होती, कारण मागे एका पदाधिकाऱ्याच्या पुतण्याचं वजन जेवल्यावर घटत असे.

"वस्ताद, दिसणं वेगळं आणि नोंद होणं वेगळं," मी समजावलं.

संगणक चालवणाऱ्या अवंतिका मॅडम म्हणाल्या, "सर, वजन नाही भरलं तर हा संगणक अडून बसत नाही. स्वतःच शून्य धरतो."

मी म्हटलं, धरू दे. उगाच चाचणी कशाला खोळंबायची? सगळ्यांनाच शून्य, म्हणजे कुणावर अन्याय नाही.

झालं, सगळे पैलवान शून्य किलोचे झाले. शून्य किलोचा गट एकच. संगणकाने पटापट जोड्या लावल्या आणि राजवीरसमोर आला अमरसिंह. हा गडी काट्यावर चढला तेव्हा काटा करकरला होता.

गणपतराव तापले. "सायेब, ह्यो माणूस हाय का रेडा? पोराच्या बरगड्या ऱ्हातील का?"

"दोघांच्या वजनात एका ग्रॅमचाही फरक नाही. पडद्यावर बघा."

गंमत म्हणजे अमरसिंहच नको म्हणाला. "म्या न्हाय खेळत. मरंल की त्यो."

मी शांतपणे विचारलं, "माघारीचं कारण काय लिहू? वजन? ते तर समान आहे. विनाकारण माघार घेतलीस तर दोन वर्षं बंदी."

बिचारा आखाड्यात उतरला. राजवीरच्या कानाशी वाकून म्हणाला, "पावणं, घाबरू नगा. हळूच बसतो."

हळूच बसला, हे मी शपथेवर सांगेन. तरी कडकन आवाज झाला तो पार मागच्या रांगेपर्यंत गेला.

समितीच्या डॉक्टर पद्मजाताई धावत आल्या. दुखणं थांबवायचं इंजेक्शन हवं होतं. पण आमच्याकडचं औषधही संगणकाच्या मंजुरीनेच निघतं, आणि ते वजनाप्रमाणे निघतं. शून्य किलोच्या रुग्णाला शून्य थेंब मंजूर झाले.

"अहो, पोरगं तळमळतंय समोर!" त्या माझ्यावर ओरडल्या.

राजवीर मातीत पडल्या पडल्या कण्हत म्हणाला, "सायेब, आता तरी माजं वजन लिवा की."

माझं काळीज हललं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम. गणपतरावांनी त्याला उचललं आणि रिक्षातून दवाखान्यात नेलं.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. मैदान खच्चून भरलं होतं, एकानेही 'थांबवा' म्हटलं नाही. सगळ्यांचे हात मोबाइल धरण्यात गुंतले होते. त्या कुस्तीचा व्हिडिओ तुमच्याकडेही आला. तुम्ही तो पाहिलात, पोट धरून हसलात, आणखी चौघांना पाठवलात. कितीजणांनी पाहिला, याची नोंद संगणकाने अगदी बिनचूक ठेवली. बैठकीत ती वाचून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या.

समितीने एकमताने ठराव केला आहे, की यापुढे शून्य किलो हा एकच गट राहील. कारण असं लिहिलं आहे: प्रेक्षकांचा आग्रह. म्हणजे तुमचाच.