काचेपलीकडचा युवराज

लोकांना हसवणं अवघड असतं, असं म्हणणाऱ्यांची मला कीव येते! मी तर चॅनेलच्या बाईंना तोंडावर सांगितलं, "आपणच आपली टर उडवायची ना? एका बैठकीत लिहून देतो. आणि कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही!"

धक्का लागला. आजही आठवलं की माझी कानशिलं तापतात.

शूर युवराज, चेटकीण, ड्रॅगन असल्या मामल्याची कार्टून मालिका मी लिहायचो. बाई म्हणाल्या होत्या, "प्रेक्षक आपल्याला हसतातच आहेत. मग आपणच आधी हसू. हा भाग जमला नाही, तर मालिका गुंडाळू."

मी लिहिलं. युवराज एका गावात पोचतो, तर तिथे त्याच्याच पराक्रमांचं नाटक चाललेलं! नाटकातला युवराज वार करण्याआधी दर वेळी ओरडतो, "सावध हो, दुष्टा!" दुष्ट सावध होतो आणि आरामात निघून जातो. मग युवराज विचारतो, "गेला कुठे?" लिहिताना मी इतका हसलो, की बायको धावत आली.

"ठसका लागला का?"

"विनोद लिहितोय!"

"बरं. तरी पाणी ठेवते जवळ."

युवराजाला आवाज देणाऱ्या नटाला आम्ही 'खर्ज' म्हणायचो. तो नुसतं 'चहा सांगा' म्हणाला, तरी युद्ध पुकारल्यासारखं वाटायचं! रेकॉर्डिंगला तो काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसला. तिथली काच अशी जाड, की रेकॉर्डिस्टने बटण दाबलं तरच आतलं बाहेर आणि बाहेरचं आत.

खर्जाने पान वाचलं. त्याच्या भुवया केसांना जाऊन भिडल्या.

"हे 'सावध हो, दुष्टा' मी दर भागात म्हणतो?"

"दर भागात!" मी खुशीत म्हणालो.

"आणि लिहितं कोण?"

"मी."

"म्हणजे चूक तुझी आणि हसायचं मला?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून तर डोकं सणकलं! मी त्याच्याकडे बोट नाचवत ओरडलो, "अरे, तू सोन्यासारखा नट! तुझ्या जिवावर मालिका चालते! तुझ्या तोंडी असली वाक्यं घालणारा लेखक शुद्ध गाढव आहे!"

पण तेवढ्यात रेकॉर्डिस्ट बटण सोडून वायरचा गुंता सोडवायला बसला होता. त्याला बटण आठवलं ते शेवटी. आत पोचलं एवढंच, "शुद्ध गाढव आहे!" तेही बोटासकट!

खर्जाचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. काचेवर वाफ धरली.

"अरे, बटण दाब!" मी रेकॉर्डिस्टवर खेकसलो.

"आत्ता नको साहेब. शिव्या आहेत."

"तुला कसं कळलं?"

"ओठांवरून."

खर्ज ताडकन उठला आणि त्याने दार आपटलं. पण आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ते दार गादीसारखं गुबगुबीत केलेलं! 'फुस्स' झालं. त्याने परत उघडून परत आपटलं. परत 'फुस्स'! तेव्हा तो जास्तच भडकला आणि तरातरा निघून गेला.

मी मागे जाऊन समजूत काढायची? का? त्याला माझं वाक्य पूर्ण ऐकून घ्यायला काय झालं होतं?

"भाग उद्या दाखवायचाय," दिग्दर्शक रडकुंडीला आला. "युवराजाचं कोण बोलणार?"

"मी!" रागाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं.

राग आला की माझा आवाज कुकरच्या शिट्टीसारखा होतो. दिग्दर्शकाने डोळे मिटून घेतले. मी उभ्या उभ्या एक प्रसंग घुसडला: चेटकीण शाप देते आणि युवराजाचा आवाज चिरका होतो. झालं! मग माइकपुढे उभा राहून, खर्जावरचा सगळा राग काढत मी किंचाळलो, "सावध हो, दुष्टा!"

ड्रॅगनची डरकाळी देणारे काका पोट धरून खाली बसले. त्यांना हसून हसून उचकी लागली. वेळ नव्हता, म्हणून ड्रॅगनही उचक्या देतच दाखवला.

भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं. मी नवा शर्ट घालून गेलो.

"प्रेक्षक लोळले हसून! मालिका वाचली!" बाई म्हणाल्या.

"तरी मी म्हणत होतो, लेखनात दम असला की..."

"लेखन नाही हो! तुमचा आवाज! युवराज आता कायम तसाच किंचाळणार."

"अहो, पण मग मी लिहू कधी?"

"ती सोय झालीये," बाई म्हणाल्या आणि दारातून कागदांची चळत घेऊन खर्ज आत आला!

पठ्ठ्या स्टुडिओतून तडक बाईंकडे गेला होता. "याच्याहून बरं मी लिहीन," म्हणाला. बाई म्हणाल्या, "लिहा की!"

घरी येऊन मी उशी भिंतीवर फेकली.

"त्याला पूर्ण वाक्य सांगा ना," बायको म्हणाली. "गैरसमज तरी दूर होईल."

"सांगितलं! म्हणाला, पूर्ण वाक्य तर जास्तच पटलं!"

हल्ली मी काचेच्या आत असतो आणि तो बाहेर. पण माझा खरा संताप त्याबद्दल नाहीच. काल त्याचं पान वाचताना मलाच हसू आवरेना, तीनदा रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. मेला चांगलं लिहितो हो!