विभूती लावलेली सीडी

मुरुमचे सिद्रामप्पा भांडीवाले कोणतीही नवी वस्तू घरात घेताना आधी तिच्यावर विभूतीची तीन बोटे ओढतात. सायकल, कुकर, जावयाने दिलेला मोबाइल. सूट कोणालाच मिळाली नाही. त्यामुळे सोलापूरहून आणलेली भजनांची सीडी त्यांच्या नव्या यंत्रावर वाजेना, तेव्हा दुकानदाराने तत्काळ निदान केले, "भस्म लागलंय."

त्यांनी दुसरी विकत घेतली. तिला लांबूनच हात जोडले. तीही वाजली नाही.

भजने गावच्याच महिला मंडळाने गायिली होती. त्यात त्यांच्या पत्नी गंगव्वा होत्या. सीडी बाजारात येण्यापूर्वीच त्या वारल्या.

कोणी नक्कल करू नये म्हणून कंपनीने सीडीला कुलूप घातले होते आणि सिद्रामप्पांच्या यंत्राला ते उघडत नव्हते, हे पुढे कळले. भांड्यांवर नावे घालून देणे हा त्यांचा व्यवसाय. ते मला म्हणाले, "कुणी चोरू नये म्हणून आमी बी तांब्यावर नाव घालतो, गुरुजी. पर गिऱ्हाइकालाच पाणी पिता येत न्हाय, असला तांब्या म्या इकला न्हाय."

साऱ्या गल्लीने हे वाक्य उचलले. माझ्या पत्नीने ते मला दोनदा ऐकवले. मी उभी हयात वर्गात बोललो. माझे एकही वाक्य कोणी घरी नेले नाही.

मी नळदुर्गला ढाब्याशेजारच्या टपरीवरून त्याच भजनांची चोरटी नक्कल आणली. ती कोठेही वाजे. सिद्रामप्पांना देऊ केली.

"चोरीचा माल हाय. आमच्या उंबऱ्याच्या आत न्हाय."

"मग माझ्या घरी वाजवली, तर ऐकाल?"

"कानाला कुठं झाकण असतंय, गुरुजी?"

तेव्हापासून दुकान बंद केले की ते माझ्या पायरीवर येऊन बसत. तिसरे भजन संपले की उठत. माझी पत्नी त्यांना चहा देई, साखर जास्त घालून. मला साखर वर्ज्य होती. तिसऱ्या भजनात एक ओळ गंगव्वा एकट्याच गातात, हे तिनेच मला सांगितले. "माणूस असा असावा," असेही म्हणाली. मी वर्तमानपत्र उघडले.

गेल्या उन्हाळ्यात माझी पत्नी वारली. सिद्रामप्पा अजून येतात. चहा मी करतो. ते तो निमूट पितात. त्यांच्या घरच्या माणसाचा आवाज माझ्या घरात वाजतो. मला त्यांचा हेवा पूर्वीही वाटत असे. आता त्याला कारण आहे.

परवा तिसरे भजन संपल्यावर त्यांनी विचारले, "वैनींचा आवाज कुठं भरून ठेवलाय का, गुरुजी?"

"नाही."

त्यांनी उचललेले उपरणे पुन्हा मांडीवर ठेवले. चौथे भजन सुरू झाले. ते बसून राहिले.