आबा घाडींचा कान

माझ्या बायकोने, सुनंदाने, तव्यावर बांगडा टाकला की तो कधी परतायचा हे तिला बघावं लागत नाही. शेजारच्या घरातून हाक येते, “परत गो!” ही हाक आबा घाडींची. मध्ये एक भिंत, दोन दारं आणि चपलांचं एक कपाट आहे, पण आबांचा कान या सगळ्याला वळसा घालून आमच्या तव्यापाशी येऊन बसतो. लालबागच्या आमच्या चाळीचा टॉवर झाला तेव्हा बिल्डरने प्रत्येकाला जाडजूड दार दिलं. आम्ही ती सगळी दारं दिवसभर उघडी टाकून त्याचा खर्च पाण्यात घातला.

आबा शहात्तर वर्षांचे. आधी गिरणीच्या कँटीनमध्ये आणि गिरणी गेल्यावर लग्नाच्या ऑर्डरींवर, असा उभा जन्म आगीपुढे गेला. पदार्थाकडे ते बघतच नाहीत, मान तिरकी करून त्याला कान देतात. मासा आधी तडतडतो, मग कुरकुरतो, मग गप्प व्हायला लागतो, तेव्हा परतायचा, असं त्यांचं शास्त्र. कुणी घाईने उलथनं घातलं की आबा खेकसतात, “थांब मेल्या, आधी तेका बोलांदे!” घरात भांडण लागलं तरी आबांचा निवाडा हाच असतो. फक्त तेव्हा तो माशाबद्दल नसतो.

कान असा तल्लख, पण डोकं मधूनच दगा देतं. गेल्या वर्षी घरी कुणी नसताना आबांनी डाळ चढवली आणि कढीपत्ता आणायला खाली उतरले. खाली कुणीतरी जुना गाववाला भेटला. गप्पा रंगल्या आणि डाळ डोक्यातून गेली. मजलाभर धूर झाला तेव्हा मी नाकाला टॉवेल लावून आत शिरलो आणि गॅस बंद केला. त्या दिवसापासून त्यांचा मुलगा संदेश घराबाहेर पडताना शेगडीची दोन्ही बटणं उपटून खिशात घालतो. लोक घराला कुलूप लावतात, हा शेगडीला लावतो. दुपारचं जेवण आबांनी मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं.

“मुको मेलो,” आबा त्या मायक्रोवेव्हबद्दल सांगतात. “फक्त टिंग म्हणता.”

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खो खो हसलो. नंतर माझी मलाच लाज वाटली. अख्ख्या मांडवाला जेवू घातलेला माणूस दुपारी एकटा बसून त्या टिंगची वाट बघत होता. संदेशचंही चूक म्हणता येत नव्हतं. तो धूर मी पाहिला होता.

परवा आबांच्या नातीचा, मृण्मयीचा वाढदिवस झाला. ही पोरगी कोरियन मालिका बघून बघून अर्धी तिकडचीच झाली आहे. तिने सगळ्या घाडी मंडळींना, आणि शेजारधर्म म्हणून आम्हा दोघांना, परळच्या एका कोरियन हॉटेलात नेलं. रविवार असल्यामुळे तोबा गर्दी होती. तासभर दारात स्टुलांवर बसलो तेव्हा टेबल मिळालं. मी चिडलोच होतो, त्यात कळलं की इथे मांस कच्चंच आणून देतात आणि आपल्यासमोर टेबलावरच भाजतात.

टेबलाच्या मधोमध जाळी होती, खाली गॅस आणि कडेला एक बटण. आबांचा हात आपसूक त्या बटणाकडे गेला, मध्येच थांबला, आणि त्यांनी संदेशकडे बघितलं. संदेशने मेनूकार्डात तोंड घातलं.

काळा एप्रन बांधलेला वेटर चिमटा घेऊन आला. त्याने गॅस पेटवून कोळंबी जाळीवर मांडली आणि लगेच उलटायला घेतली. आबांनी त्याचं मनगट धरलं.

“अभी नय! पहिले उसको बोलने दो!”

“सर, हम पकाके देंगे ना.”

पण खरी पंचाईत पुढेच होती. हॉटेलात गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की आबांना कोळंबीचं बोलणं पोचेना. त्यांनी जाळीजवळ कान नेला. भुवई भाजेल म्हणून सुनंदाने त्यांना मागे ओढलं. शेवटी आबा उठून उभे राहिले आणि कँटीनच्या आवाजात ओरडले, “ओ म्यानेजर! गाणा बंद करा! कोळंबी ऐकाक येत नाय!”

“आबा, प्लीज ना! माझं फेव्हरेट गाणं आहे!” मृण्मयीने तोंड लपवलं.

“तुजा गाणा घराक जावन ऐक. कोळंबी परत बोलूची नाय.”

मॅनेजर भला माणूस. वाढदिवसाचं टेबल म्हणून त्याने आवाज कमी केला, आणि सगळ्या हॉटेलातलं चरचरणं एकदम ऐकू आलं. आबांची मान तिरकी झाली. त्यांनी चिमट्याला हात घातला आणि वेटरने तो मुकाट्याने सोडला. शेजारच्या टेबलावर चार जण मोबाइलवर फोटो काढण्यात गुंग होते. आबा तिकडे न बघताच गरजले, “ओ, परता!” चौघांनी दचकून चिकन उलटलं. नुसतं सोनेरी! पुढच्या अर्ध्या तासात आजूबाजूची तीन टेबलं आबांच्या तोंडाकडे बघून परतायला लागली. मीसुद्धा चिडणं विसरून चौथी ताटली मागवली.

मृण्मयीने सांगितलं की तिकडे पानात घास गुंडाळून आपल्या माणसाला भरवतात. आबांनी पहिला घास तिला दिला. दुसरा गुंडाळून संदेशपुढे धरला, “आ कर.” अठ्ठेचाळीस वर्षांच्या संदेशने भर हॉटेलात आ केला.

निघताना आम्ही सगळे उठलो, आबा उठेनात. त्यांनी बटण फिरवून गॅस बंद केला, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

“संदेश, हात लावन बघ. बंद केलंय.”

संदेशने बटणाला हात लावला. “हो आबा. बंद आहे.” घरी येईपर्यंत तो खिशातली शेगडीची बटणं चाचपत होता.

सोमवारी दुपारी सुनंदाने वांग्याचे काप तव्यावर टाकले, आणि शेजारून हाक आली नाही. काप एका बाजूने काळे झाले. मी तसाच धावत आबांकडे गेलो.

आबा ओट्याशी उभे होते. शेगडीला दोन्ही बटणं होती. त्यांच्याही तव्यावर वांग्याचे काप होते आणि मान तिरकी होती. मी म्हणालो, “आबा, परता!”

“गप रे. तेका बोलांदे.”

काप झाले. त्यांनी गॅस बंद केला, दोनदा हात लावून बघितलं आणि संदेशला ऑफिसात फोन लावला.

“झाला माजा. आता ऐक,” म्हणाले, आणि फोन विझलेल्या शेगडीजवळ धरून उभे राहिले.

पलीकडून संदेशने फोन ठेवला नाही. तो ऐकत होता.