दुसऱ्या बटणाच्या जागची पिन

आमच्या मोताळ्याच्या नामदेव मिस्तरींच्या खाकी शर्टाला दुसरं बटण नव्हतं. तिथं सेफ्टी पिन. माझी बायको एकदा सुईदोरा घेऊनच गॅरेजवर गेली, तर म्हणाले, "राहू दे सूनबाई, मस्त चाललं हाय आपलं."

बाकी माणूस मोठा वल्ली. गाडी आली की आधी बोनेटवर हात ठेवून तिलाच विचारणार, "काऊन व माय, कुठं दुखते?" ड्रायव्हर मध्ये बोललाच तर, "तू चूप बस बे. तिले बोलू दे."

गेल्या दिवाळीआधी त्यांनी माझ्या व्हॅनच्या मागच्या डाव्या चाकाला नवं बेअरिंग बसवलं आणि दुसऱ्या दिवशी एबीएसचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकून गाडी घसरू नये, यासाठी असते ती सोय. आणि मला तर पुण्याहून मिस्तरीणबाईंनाच आणायचं होतं. दोन महिने नातू सांभाळते म्हणून लेकीकडं गेल्या, त्याला दोन वर्षं झाली होती.

"मिस्तरी, ब्रेक तर लागते. दिव्याची वायर काढून टाका ना."

"वायर काढू?" मिस्तरी भडकले. "राजूर घाट उतरशीन तवा मागच्या सीटवर ती बसून राहीन ना बे!"

स्कॅनर म्हणे, मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर खराब. मिस्तरींनी तो काढला, पुसला, वायर तपासली. मग उजवीकडचा सेन्सर डावीकडं लावून पाहिला. तक्रार तरी डावीकडचीच! म्हणजे सेन्सर बिचारा निर्दोष.

त्यांनी बेअरिंग उपसून काढलं, शर्टाची पिन काढली आणि त्याला लावली. एका अंगानं पिन घसरली, दुसऱ्या अंगाला चिकटली. चुंबक! सेन्सर ते वाचूनच चाकाचा वेग ओळखतो, आणि ते अंग नेमकं सेन्सरकडं पाठ करून बसलं होतं. मिस्तरींचा चाळीस वर्षांचा शिरस्ता असा, की नंबर कोरलेली बाजू बाहेर ठेवायची, पुढच्या मिस्तरीला तो वाचता यावा म्हणून. त्या भलेपणानंच घात केला.

"चूक माझी," उघडी छाती फुगवून मिस्तरी म्हणाले, "पण सापडवली बी म्याच!"

उपसलेलं बेअरिंग पुन्हा चालत नाही, म्हणून बुलडाण्याहून दुसरं आणून चुंबकाचं अंग सेन्सरकडं करून बसवलं. दिवा विझला. मिस्तरींनी पिन स्वच्छ पुसून पुन्हा शर्टाला लावली.

"ती जाऊन राह्यली होती तवा स्टँडवरच बटण तुटलं. तिनं आपल्या बांगडीतली पिन लावून देल्ली. म्हने, आली का लावते बटण." मग माझ्याकडं न पाहता, "घाट हळू उतरजो."

मिस्तरीणबाई सुखरूप आल्या. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो, तर खाकी शर्टाला पांढरंशुभ्र बटण. एका जीपच्या बोनेटवर मिस्तरींचा एक हात होता, दुसरा सारखा बटणाकडं जात होता. पिन कॉलरच्या आत टोचलेली दिसली.

"बेअरिंग पाहाले लागते ना बे," मिस्तरी म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं.