सेतुरावांचा तास

शाळेत कुणाला शिंक आली की सेतुरावांचा चेहरा उजळायचा.

माणूस वाईट नव्हता. मद्रासच्या अण्णा नगरमधल्या आमच्या शाळेचे ते ग्रंथपाल, आणि वेळापत्रकात त्यांच्या नावाचा एकही तास नव्हता. एखादा शिक्षक रजेवर गेला तरच त्याच्या वर्गावर सेतुरावांना पाठवत. त्यामुळे स्टाफरूममध्ये येऊन ते आमच्या तब्येतीची चौकशी करत, तेव्हा त्यात आपुलकी किती आणि आशा किती, हे ठरवणं अवघड जायचं.

"घसा बसलाय की तुमचा, बाई. उद्या पडून राहा."

"बरा आहे हो घसा."

"हो का," म्हणून ते पुढच्या टेबलाकडे वळायचे. कुणाकडे लग्नाची पत्रिका दिसली तर आधी गाव बघत. तिरुनेलवेलीचं लग्न म्हणजे निदान दोन दिवसांची रजा. शहरातल्याच मैलापूरच्या लग्नात त्यांना रस नसे.

मी साताऱ्याची. नवऱ्याला गिंडीच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून ऐंशीच्या दशकात मद्रासला आले आणि या शाळेत नववीला भूगोल शिकवू लागले. सेतुराव तंजावरकडचे. घराणं कित्येक पिढ्या तिकडचंच, पण घरात मराठी. त्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणीतरी पणजोबांची मराठी तमिळ चालीवर म्हणतंय. आपण 'कोणी सांगितलं' म्हणतो, ते 'कोण सांगितलं' म्हणायचे. आणि दिवसातून कितीदा म्हणायचे त्याला गणती नव्हती.

कारण तोच त्यांचा विषय होता. एखादी माहिती आली कुठून, दिली कोणी, ती खरी कशावरून, आणि स्वतः शोधायची तर कुठल्या पुस्तकात कशी शोधायची. परीक्षेला नसलेल्या या विषयाला नावही नव्हतं. मुलं त्याला 'हू टोल्ड यू पीरियड' म्हणायची.

एकदा वादळामुळे उद्या शाळेला सुट्टी, अशी बातमी पसरली. सेतुराव तेव्हा गणिताच्या रिकाम्या तासावर होते. त्यांनी विचारलं, "हू टोल्ड यू?" एका मुलीने दुसरीचं नाव घेतलं, दुसरीने शेजारच्या वर्गातल्या मुलाचं. सेतुराव सगळा वर्ग रांगेने घेऊन निघाले. मुलाने कॅन्टीनवाल्याकडे बोट दाखवलं, कॅन्टीनवाल्याने ड्रिल मास्तरांकडे. ड्रिल मास्तर म्हणाले, "मी एवढंच म्हणालो, की उद्या सुट्टी मिळाली तर बरं होईल." सेतुरावांनी त्यांचे मनापासून आभार मानले. दुसऱ्या दिवशी शाळा भरली.

पाणीटंचाईच्या दिवसांत ते एकाच तारखेची दोन वर्तमानपत्रं घेऊन आले. एकात लिहिलं होतं पाणी रोज येईल, दुसऱ्यात एक दिवसाआड. "दोन्ही वाचा," त्यांनी मुलांना सांगितलं, "मग घरी जाऊन नळ उघडून बघा."

दरवर्षी जूनमध्ये ते हेडमिस्ट्रेसबाईंकडे आठवड्याला एक तास मागायला जात. बाई दरवर्षी तेच सांगत, "आधी पोर्शन संपू दे, मिस्टर राव. मग बघू." पोर्शन म्हणजे अभ्यासक्रम. तो मार्चपर्यंत संपत नसे, आणि संपला की परीक्षा असे.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत साताऱ्याहून ट्रंककॉल आला. आईला इस्पितळात ठेवलं होतं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. हेडमिस्ट्रेसबाई कठोर नव्हत्या, पण स्पष्ट होत्या. "जरूर जा. पण नववीचा पोर्शन मागे पडला तर मला दुसरी टीचर बघावी लागेल."

बाहेर व्हरांड्यात सेतुराव उभे होते. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

त्यांनी मान डोलावली. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी निरोपही घेतला नाही. गाडीत सारखं मनात येत होतं, आता हे रोज पोरांना घेऊन शब्दकोश उघडून बसणार.

आई सावरली. तीन आठवड्यांनी मी परतले, वर्गात गेले आणि फळ्यावर 'मान्सूनचे वारे' असा मथळा लिहिला.

"झालं मिस," मुलं म्हणाली. "जंगलंपण झाली. नद्यापण."

"कोणी शिकवलं?"

"सेतुराव सरांनी."

"आणि त्यांचं ते, 'हू टोल्ड यू'?"

"एकदापण नाही मिस. फक्त पोर्शन."

मी ग्रंथालयात गेले. सेतुराव एका ॲटलासच्या सुटलेल्या पुठ्ठ्याला खळ लावत होते. आधी आईची चौकशी केली, मग माझी.

"एवढे तास मिळाले होते तुम्हाला," मी म्हटलं.

"मिळाले की."

"मग भूगोल कशाला शिकवलात?"

"तुमची जागा गेली असती, बाई." त्यांनी पुठ्ठा दाबून धरला. "मला कुठं येतो भूगोल? एग्मोरच्या घरून येताना बसमध्ये वाचायचो. काही चुकलं असेल तर बघा तुम्ही."

काही चुकलं नव्हतं. उलट नववीचा वर्ग थोडा पुढेच होता. मी हेडमिस्ट्रेसबाईंना सांगितलं की गुरुवारचा माझा तास सेतुरावांना द्यायचाय. त्या म्हणाल्या, "तुमचा पोर्शन, तुमची जबाबदारी."

गुरुवारी सेतुराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. ते दाराकडे बघत थांबले.

"तुम्ही जात नाहीत?"

"नाही. मी पण ऐकणार आहे."

मग ते मुलांना कळू नये म्हणून आपल्या त्या मराठीत म्हणाले, "इतकी वर्षं झाली, बाई. कोणी नसलं की मला बोलावतात. वर्गाची टीचर हजर असताना मी शिकवायचं, असं कधी झालं नाही."

मुलं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी खडू उचलला, हातातल्या हातात फिरवला, आणि नव्या मास्तरासारखं मला विचारलं, "सुरू करू?"