टॉमीचा दहावा

"आई, टॉमी मेलाय," गोरक्षनं ताटावर बसता बसता सांगितलं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

"कुनाचं कुत्रं रं?" मच्छिंद्रानं भाकरी मोडत विचारलं.

"कुत्रं न्हाई, आबा. विलायतेतला गानारा. माझ्या रेकॉर्डवर वरडतो तोच. लई वर्सांमागं मोटारीच्या अपघातात गेला. आता गातो तो तोतया हाय. सगळ्या जगाला फसवलंय!"

ही बातमी नगरच्या कॉलेजातली. गोरक्षच्या खोलीतल्या एलियानं पुरावेही दिले होते. रेकॉर्डच्या पुठ्ठ्यावर टॉमीच्या जोडीला गाणारे तिघं समोर बघतात, टॉमी एकटाच पाठमोरा. शिवाय तबकडी बोटानं उलटी फिरवली की टॉमी इंग्रजीत 'मी मेलो' म्हणतो, असं एलिया शपथेवर सांगे. एकाहत्तरच्या उन्हाळी सुट्टीत गोरक्ष ही रेकॉर्ड आणि पोटाला चिमटा घेऊन घेतलेला बॅटरीवरचा प्लेअर घेऊन घोडेगावला आला, आणि पहिल्याच दिवशी त्याची आई भीमाबाई त्या आरडाओरड्याला वैतागून ते सगळं उकिरड्यावर फेकायला निघाली. टॉमीची कहाणी ऐकून आईला पाझर फुटेल आणि प्लेअर वाचेल, असा बिचाऱ्याचा होरा होता.

पाझर फुटला, पण भलतीकडेच.

"दहावा कुनी केला त्याचा?" भीमाबाईनं विचारलं.

"कोन करनार? मेल्याचं कुनाला म्हाईतच न्हाई."

"आरं द्येवा! म्हंजी पिंडाबिगर भटकतंय लेकरू. म्हनूनच येवढं वरडतंय!" तिनं पुठ्ठा उजेडात धरला. "आन ह्यात पाय कुठं हायेत त्याचं?"

"फोटो कमरेपातुरच हाय, आई."

"लपवल्यात. उलटं असत्याल."

गोरक्षला हा पुरावा एलियाला कधी सांगतो असं झालं.

भीमाबाईनं एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाही. "मी करते त्याचा दहावा. शांत झाला की वरडायचा थांबल. मग ते मशीन देऊन टाक कुनाला तरी," ती म्हणाली.

मंडळी एसटीनं प्रवरासंगमाला गेली. पुरावेवाला म्हणून एलियालाही बोलावून घेतलं.

"मृताचं नाव?" गुरुजींनी विचारलं.

"टॉमी."

गुरुजींनी हातातली पळी खाली ठेवली. "बाई, मी कुत्र्यामांजरांचं करत नाही."

त्यांची समजूत घालता घालता उन्हं डोक्यावर आली. बापाचं नाव ठाऊक नाही, गोत्राचा तर पत्ताच नाही. "काश्यप धरू," गुरुजी कपाळाचा घाम पुसत म्हणाले. मच्छिंद्रानं पिंड ठेवला. एलियानंही बाजूला उभं राहून आपली एक ख्रिस्ती प्रार्थना म्हटली. दोन्हीकडून झालेलं बरं.

पण कावळा शिवेना! शेजारच्या पिंडांवर कावळे नुसते तुटून पडत होते आणि टॉमीकडे एकही ढुंकून बघत नव्हता.

"तुझ्या म्हातारीची काळजी करू नगं, बाबा," भीमाबाईनं हात जोडले. कावळा हलला नाही.

"त्या तोतयाला आमी सोडनार न्हाई!" मच्छिंद्र गरजला. कावळा फांदीवर पंख साफ करत बसला.

सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. गोरक्षला संधी दिसली. तो हळूच म्हणाला, "आई, गान्यात जीव अडकला असंल त्याचा."

भीमाबाईनं लेकाकडे रोखून बघितलं, मग दातओठ खात हात जोडले. "बरं रं बाबा. तुझी रेकॉर्ड रोज पहाटं मी सोता लावीन. आता तरी घे!"

तोच कावळा फडफडत खाली आला आणि पिंडाचा निम्मा गोळाच घेऊन उडाला. गोरक्षला त्या कावळ्याचा मुका घ्यावासा वाटला.

भीमाबाई शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवसापासून कोंबडा आरवायच्या आत उदबत्ती लागायची आणि टॉमी बोंबलायचा, तोही पूर्ण आवाजात. शेजारीपाजारी भांडायला येत आणि सगळी हकिगत ऐकून हात जोडून परत जात. गोरक्ष डोक्यावर वाकळ ओढून तळमळायचा. पंधरवड्यात त्याला टॉमीच्या नावाचीही शिसारी यायला लागली. आता काय वाट्टेल ते होवो, हे गाणं बंद पाडायचंच, असं ठरवून तो नगरला गेला आणि एक इंग्रजी मासिक पैदा करून आला.

"आई, बंद कर ते! टॉमी जिता हाय. हितं त्यानं सोता सांगितलंय, 'मी मेलेलो न्हाई.' सगळी अफवा हुती!"

भीमाबाईनं मासिकाकडे बघितलंही नाही. "कोन म्हनतंय जिता हाय?"

"टॉमीच म्हनतोय की!"

"टॉमी कसा म्हनंल? त्यो तर मेला. ह्यो तोतया बोलतोय." तिनं सुई अलगद तबकडीवर टेकवली. "तोतया लबाड असंल रं गोरक्ष, पर कावळा कशाला लबाड बोलंल?"