चर्चा कक्षातली सोडचिठ्ठी

तनुजानं मुकेशला सोडायचं ठरवलं ते बुधवारी. पण ही बातमी त्याला द्यायची कुठे, हे शनिवार उजाडला तरी ठरेना.

सोडायचं ठरवणं त्या मानानं सोपं होतं. दोन वर्षं हा गडी "वांगे निघू दे, मंग घरी सांगतो" म्हणत होता. वांगी निघाली. मग टमाट्यांचं निमित्त झालं. टमाटे बाजारात जाऊन लोकांच्या पोटात गेले, तर यानं फुलकोबी लावून ठेवलेली. दोघं एकाच समाजातली, दोन्ही घरी भाजीपाल्याचीच शेती, आड यावं असं काडीचंही काही नव्हतं. पण आईसमोर उभा राहिला की मुकेशची दातखीळ बसायची. वर त्याची आई, गिरजाबाई, त्याच्यासाठी मुली बघत होती आणि हा शहाणा आपल्या किन्हीराजा गावाहून गावोगाव जाऊन पोहे खाऊन येत होता. "आईले नाही कसं म्हणू?" म्हणे. बुधवारी त्यानं फोनवर सांगितलं, की आजचे पोहे फार मस्त होते. तनुजानं तिथंच निकाल लावला.

आता वाशीममध्ये एका मुलानं आणि मुलीनं घडीभर बसून बोलावं अशी एक जागा दाखवा! बसस्टँडवर तनुजाच्या मामाची पानटपरी. रेल्वे स्टेशनावर जावं, तर अर्धी गल्ली अकोल्याला निघालेली. हॉटेलात बसावं, तर तिथं मुकेशच भाजी पुरवणारा. फोनवर सांगून पाहिलं, पण वाक्य कुठं चाललंय ते ओळखून मुकेशनं "आवाज तुटून राह्यला वं" म्हणत फोन ठेवून दिला.

रविवारी समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. तनुजाचे वडील बापूराव तिला घेऊन जाणार होते आणि गिरजाबाई मुकेशला. मेळाव्यात स्टेजच्या बाजूला पडदा लावून एक 'चर्चा कक्ष' केलेला असतो. आत दोन लाल खुर्च्या. ज्यांना एकमेकांशी बोलून बघायचंय त्यांनी तिथं बसायचं. अख्ख्या जिल्ह्यात पोरगा-पोरगी एकत्र बसतात आणि मोठी माणसं वर "बोला, बोला, लाजू नका" म्हणतात अशी ती एकच जागा. तनुजानं मुकेशला निरोप धाडला, 'चर्चा कक्षात ये. आणि तुझ्याकडे राहिलेला माझा डबा घेऊन ये.'

मेळाव्याचे आयोजक हरीओमभाऊ यंदा जिवावर उदार होऊन उतरले होते. गेल्या वर्षी जेवण झकास झालं होतं, लग्न मात्र एकही जमलं नव्हतं. लोक अजून त्यांना रस्त्यात अडवून जिलेबीची तारीफ करत आणि भाऊंच्या काळजाला घरं पडत. त्यामुळे एक पोरगी तरातरा चर्चा कक्षात शिरली आणि तिच्यामागे एक पोरगा हातात पिशवी घेऊन शिरला, तेव्हा भाऊ लगेच पडद्याच्या फटीला जाऊन चिकटले. शेजारी गिरजाबाई येऊन उभ्या राहिल्या. स्टेजवर एक इच्छुक वर माइकवर आपलं शिक्षण सांगत होता, त्यामुळे आतलं अक्षर ऐकू येत नव्हतं. दिसत मात्र सगळं होतं.

आत तनुजा म्हणाली, "मुकेश, आपलं संपलं."

मुकेशनं मान हलवली.

"तुह्यात हिंमतच नाही."

त्यानं पुन्हा मान हलवली.

"दुसऱ्याच्या घरचे पोहे खातू अन् मले चव सांगतू. लाज नाही वाटत?"

मुकेशनं आधी उभी मान हलवली, मग आडवी, मग पुन्हा उभी.

"नुसती मुंडी काय हलवून राह्यला? बोल ना काही!"

"तुहं बरोबर हाय," मुकेश म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा ठाम बोलला आणि तेही चुकीच्या जागी. तनुजाला रडूच कोसळलं.

बाहेर गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला. "आवमाय! पाहा तं हरीओमभाऊ, पोट्टी बोलून राह्यली अन् आमचा हो-हो करून राह्यला. एवढ्या पोरी दाखवल्या, पण कोणासमोर मान वर नाही केली यानं."

"पोरगी रडून राह्यली वाटते," भाऊ जरा धास्तावले.

"रडंनच ना! माहेर सुटते, भाऊ. मी तं महिनाभर रडली होती."

भाऊंना एवढं पुरलं. ते पेढ्यांचा बॉक्स, बापूराव आणि बापूरावांची बायको पौर्णिमाबाई, असं सगळं एका दमात घेऊन आले. तनुजा डोळे पुसत पडद्याबाहेर आली, तर समोर ही सगळी वरात उभी.

"जमलं!" हरीओमभाऊ ओरडले.

"काय जमलं?"

"अवं, आम्ही पोराची चौकशी केली," बापूराव पेढा चघळत म्हणाले. "बागायत हाय, विहिरीले पाणी हाय, पोट्ट्याले तंबाखूचंबी व्यसन नाही. आमची हरकत नाही."

ज्या वाक्यासाठी तनुजा दोन वर्षं झुरली, ते वाक्य वडिलांनी पेढ्याच्या एका घासात सांगून टाकलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मले नाही करायचं याच्यासंग."

"काहून?" गिरजाबाईंचा चेहरा उतरला. "काय वाईट हाय माह्या पोरात?"

खरं कारण सांगायची सोय नव्हती. तनुजानं जे सुचेल ते फेकलं. "हा... हा चहा फुर्रफुर्र करून पेते!"

"पण आत चहा कुठी होता?" हरीओमभाऊ बुचकळ्यात पडले. "चहा तं अजून उकळून राह्यला."

"अन् झोपीत बडबडते!" तनुजाच्या तोंडून निघून गेलं. रात्री फोन चालू ठेवूनच मुकेशला झोप लागायची, त्यातलं ते ज्ञान. बापूरावांच्या जबड्यात पेढा थांबला.

बोलणं भलतीकडे चाललंय हे ओळखून गिरजाबाई मध्ये पडल्या. "राहू द्या बाप्पा. पोरगी घाबरली. पाहा, आमच्या मुकेशनं हिच्यासाठी भेट आणली हाय. घरून निघाल्यापासून पिशवी हातातून सोडली नाही त्यानं." आणि मुकेश "आई, नोको, नोको" करेपर्यंत त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून पौर्णिमाबाईंच्या हातावर ठेवलासुद्धा.

पौर्णिमाबाईंनी डबा उलटा केला. आपल्याकडे नवं भांडं घरात आलं की आधी त्यावर नाव टाकून घेतात, मग त्यात वरण शिजतं. डब्याच्या बुडाशी ठळक अक्षरांत कोरलं होतं, 'सौ. पौर्णिमा बापूराव, माहेरची भेट.'

"हा तं माहा डब्बा!" पौर्णिमाबाई किंचाळल्या. "माह्या आईनं देलेला! याच्यापायी मी धाकल्या जावेसंग बोलणं बंद केलं. तिच्या घरची झडती घेतली मी! हा याच्याजवळ कसा आला?"

"म्हणजे माहा पोरगा चोर हाय काय?" गिरजाबाईंनी पदर खोचला.

"मी नाही म्हणत, डब्बा म्हणून राह्यला!"

आजूबाजूला माणसं जमू लागली. स्टेजवरचा इच्छुक वरही शिक्षण अर्धवट सोडून इकडे बघायला लागला. आता सगळं बाहेर येणार, आणि उद्या वाशीमच्या बाजारात भाजीच्या आधी तिच्या नावाचा भाव फुटणार. तिनं मुकेशकडे पाहिलं. नेहमीप्रमाणे तो मान खाली घालून उभा असेल असं तिला वाटलं होतं. पण त्यानं मान वर केली.

"म्या चोरला," मुकेश म्हणाला.

"काय?"

"हिचा काही संबंध नाही, मावशी. भाजी द्यायले आलतो तुमच्या घराकडं. ओट्यावर दिसला, उचलला."

"रिकामा होता का भरेल?" पौर्णिमाबाईंनी उलटतपासणी चालू केली.

"भरेल. मेथीचे वडे होते." मग प्रामाणिकपणा उफाळून आला आणि तो पुढं बोलला, "लय चांगले होते."

गिरजाबाई मटकन खुर्चीत बसल्या. तनुजाला गलबलून आलं. हा गाढव! आईला एक शब्द सांगायची हिंमत होत नाही, आणि तिचं नाव झाकायला साऱ्या समाजासमोर चोर व्हायला निघालाय. मेल्याला खोटंही धड बोलता येत नाही.

"त्यानं नाही चोरला," ती म्हणाली. "म्याच देला. दोन वर्षांपासून देऊन राह्यली."

बापूरावांनी पेढा गिळला. "म्हणजे... लव्ह हाय?"

"होतं. आत्ताच आत जाऊन संपवलं."

मग मात्र कल्लोळ झाला. मघाशी ज्यांना बागायत, विहीर आणि निर्व्यसनी पोरगा दिसत होता, त्या बापूरावांना तोच पोरगा दिसेनासा झाला. "आमच्या घरात लव्ह मॅरेज नाही चालत! सात पिढ्यांत नाही झालं!" गिरजाबाईही उठल्या, "आमच्याबी नाही चालत! मले पसंत पडली होती ते येगळं, याले आधीच पसंत होती म्हणजे काय?" दोन्ही घराण्यांचं इतकं एकमत लग्न ठरतानाही झालं नव्हतं.

हरीओमभाऊ पेढ्यांचा बॉक्स छातीशी धरून उभे होते. यंदाची एकुलती एक जोडी डोळ्यांदेखत फुटत होती. माणूस असा कोंडीत सापडला की डोकं चालतं.

"थांबा!" भाऊंनी हात वर केला. "बापूराव, पोरगी काय म्हणाली? संपवलं. म्या सोता फटीतून पाह्यलं, पोरगी रडली, पोरानं मुंडी हलवली. लव्ह खलास. आता काय राह्यलं? पोरगं तुमाले पसंत, पोरगी गिरजाबाईले पसंत. हे निव्वळ ठरवून केलेलं लग्न झालं की नाही?"

बापूराव विचारात पडले. मुद्दा कायद्याला धरून होता. गिरजाबाईंनी मुकेशला विचारलं, "खरंच संपलं काय रे?"

"हो, आई. तिनंच सोडलं मले," मुकेश म्हणाला. त्याचा आवाज इतका दुखावलेला होता की शंकेला जागाच उरली नाही.

बापूराव मुलीजवळ आले. "तनू, खरं सांग. या पोराबद्दल तुह्या मनात आता काहीच राह्यलं नाही ना? काही राह्यलं असंन तं आत्ताच सांग. मंग हे लग्न होणार नाही."

तनुजानं मुकेशकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आणून तो चोर तिच्याकडेच बघत होता. तिनं येणारं हसू गालातच दाबलं.

"नाही, बाबा," ती तोंड वाकडं करून म्हणाली. "मले तं त्याचं तोंड पाहावंसंबी वाटत नाही."

"शाब्बास!" बापूरावांनी बॉक्समधला पेढा उचलून होणाऱ्या जावयाच्या तोंडात कोंबला. हरीओमभाऊ एवढ्या वयातही पळत स्टेजवर चढले.

"मंडळी, यंदाची पहिली पसंती!" माइकवर त्यांचा आवाज भरून आला. "मुलामुलीचं एकमेकांवर काडीचंबी प्रेम नाही, याची दोन्ही घरच्यांनी समक्ष खात्री करून घेतली हाय!"

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात बापूराव वाजवत होते.